पाण्याचं माप

माझी आत्या साठाव्या वर्षी पोहायला शिकली आणि एकसष्टाव्या वर्षी समुद्राच्या तळाशी जाऊन आली. दोन्ही वेळा तिनं आधी नाव नोंदवलं आणि मग घरी सांगितलं.

आत्या शिवणकाम करते. एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तिची खोली आहे. जिन्यातच मशिनचा आवाज ऐकू येतो, आणि आत शिरलं की पायांखाली चिंध्या येतात. कोट, स्कर्ट, शाळांचे युनिफॉर्म, सगळं ती शिवते. चाळीस वर्षं पायमशिन चालवून गुडघ्यांनी राम म्हटला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाण्यात व्यायाम करा." डॉक्टरांच्या मनात होतं कडेचा दांडा धरून पाय हलवणं. आत्या दोन महिन्यांत खोल बाजूला पोचली. तिथे एक जाडजूड गृहस्थ लोकांना पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायचे. पूर्वी ते बंदरात पाणबुडे होते, जहाजांच्या बुडांची दुरुस्ती करायचे. आता पाण्याखालच्या सामानाचं दुकान चालवतात आणि वर्षातून एकदा दहाबारा जणांना समुद्रावर नेतात. आत्यानं त्यांना तीन दिवस लांबून पाहिलं, चौथ्या दिवशी जवळ जाऊन विचारलं, "यात गुडघ्यांना काही काम असतं का?"

"पाण्याखाली गुडघे दुखत नाहीत, काकू," पाणबुडे म्हणाले.

तिला तेवढंच हवं होतं.

आता आत्याची एक खोड सांगायला हवी. तिच्या खोलीत खुंटीवर दोन टेप असतात, एक पिवळी, एक पांढरी. पिवळी खरी. पांढरीच्या सुरुवातीला आत्यानं दोन इंचांचा कोरा तुकडा बेमालूम जोडून त्यावर पितळी टोक परत बसवलंय. म्हणजे त्या टेपनं मोजलं की कुणाचीही कंबर दोन इंच कमी भरते. आत्या आकडा मोठ्यानं वाचते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि कापताना आत्या गुपचूप दोन इंच वाढवते. कपडा नीट बसतो, गिऱ्हाईक परत येतं. "मी कुणाला फसवत नाही," आत्या म्हणायची. "कापड कधी खोटं कापलंय का मी? बोलते तेवढंच खोटं." हे गुपित फक्त मला ठाऊक होतं, कारण लहानपणी पांढऱ्या टेपनं माझी उंची मोजून मी रडले होते. आतोबांना, म्हणजे आत्याच्या यजमानांनासुद्धा, छत्तीस वर्षांत पत्ता नव्हता.

पांढऱ्या टेपचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे हेडबाई. एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. एक मार्क कुणाला फुकट द्यायच्या नाहीत, आणि पालकांना दारात उभं करून शुद्धलेखनाच्या चुका दाखवायच्या. वीस वर्षं त्यांचे कोट आत्याकडे शिवले जात होते आणि वीस वर्षं त्यांची कंबर चौतीस होती. एकदा कोटाच्या फिटिंगला आल्या असताना त्यांनी आत्याच्या टेबलावर सहलीचा कागद पाहिला. गरम पाण्याचा समुद्र, पाच दिवस, सात डुबक्या. हेडबाई कॉलेजात पोहण्यात पहिल्या आलेल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही जाणार आणि मी इथे पेपर तपासत बसणार? छे!" सुट्टीत त्यांनी पाणबुड्यांकडचा कोर्सही उरकून टाकला.

आतोबांचं वेगळंच. ते पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते, पण पाण्याशी त्यांचा संबंध फायलींपुरता. तरी लहानपणी नदीत पोहायला शिकले होते, त्या भांडवलावर त्यांनीही कोर्स केला. "हिला एकटीला खाली कसं सोडायचं? तिकडे हिच्याशी बोलायला कोण आहे?" असं त्यांचं म्हणणं. आतोबा उठल्यापासून झोपेपर्यंत बोलतात. वर्तमानपत्र वाचतात तेही मोठ्यानं.

पाण्याखाली घालायचे रबरी सूट दुकानात मागवून घ्यायचे होते, म्हणून पाणबुड्यांनी प्रत्येकाकडून मापं मागितली. आत्या त्या आठवड्यात दोनशे युनिफॉर्मखाली गाडली गेली होती. तिनं कळवलं, मी दुकानात येऊन अंगावर घालूनच बघेन. आतोबा म्हणाले, "माझं माप मी घेतो. त्यात काय मोठी विद्या आहे?" त्यांनी खुंटीवरून टेप काढली, पोटाभोवती गुंडाळली, आकडा पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही न सांगता फॉर्म भरून पाठवून दिला.

सूट आले तेव्हा आम्ही चौघं दुकानात गेलो. मला पोहता येत नाही. मी गाडी चालवायला आणि पुढे होडीत टॉवेल सांभाळायला. दुकान अरुंद, रबराचा वास नाकात बसणारा, आणि दोन्ही भिंतींना काळे सूट असे लटकलेले की मुंडकं नसलेली माणसं रांगेत उभी आहेत.

"पाणी अठ्ठावीस डिग्री आहे," पाणबुडे म्हणाले. "तीन मिलीमीटर जाडीचा, पूर्ण बाह्यांचा सूट पुरतो."

"अठ्ठावीस!" आतोबा म्हणाले. "अहो, एवढं गरम आमच्या नळाला येत नाही. मी आपला चड्डीवरच उतरतो."

"उतरा की. अंग तुमचं सदतीस, पाणी अठ्ठावीस. मधला फरक समुद्र तुमच्याकडून वसूल करतो, हळूहळू. पहिल्या दिवशी काही वाटणार नाही, तिसऱ्या दिवशी दात वाजतील. शिवाय खडकाला घासलात किंवा एखादी जेलीफिश पोटाला चिकटली, की मग माझं नाव काढाल."

आतोबा मुकाट्यानं सुटाकडे वळले.

आत्या तोवर एक सूट उलटा करून खिडकीपाशी उजेडात धरून उभी होती. "ही टीप आरपार गेलेलीच नाही!" ती ओरडली. पाणबुड्यांचा चेहरा उजळला. असलं काही त्यांना कुणी गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं. कडा आधी चिकटवतात, मग वाकड्या सुईनं निम्म्याच जाडीत टाका घेतात, म्हणजे भोक पडत नाही आणि पाणी आत येत नाही, असं त्यांनी समजावलं. स्वस्तातल्या सुटाची शिवण आरपार असते. "गरम पाण्याला तीही चालते, काकू."

"चालत असेल. चाळीस वर्षं मी आरपार टीप मारलीय. आता जरा दुसऱ्याची कारागिरी अंगावर घालू दे."

तीन सूट तिनं घालून पाहिले. पहिल्यात कमरेच्या मागे खळगा राहिला. "इथे थंड पाणी साचून राहील," पाणबुडे म्हणाले. दुसरा मानेला इतका आवळला की आत्याचा आवाज बदलला. तिसरा बसला. तिनं त्यात खाली बसून पाहिलं, दोन्ही हात वर केले, छाती भरून श्वास घेतला. तिला गंमत वाटत होती. शिवणकामातली सगळी अक्कल ढील कुठे ठेवायची यात. बसता यावं, हात उचलता यावा म्हणून इंचभर जास्त. आणि इथे इंचभर जास्त म्हणजे पाण्याला दार उघडं. घोट्याशी मात्र दोन बोटं लांब होत होता. आत्याचा हात सवयीनं पर्समधल्या कात्रीकडे गेला.

"कात्री नको!" पाणबुडे किंचाळले. "दुमडू द्या. बघायला मासेच आहेत."

इकडे दोन पडद्यांमागे आतोबा आणि हेडबाई आपापले सूट चढवत होते. रबर पायाला अडकू नये म्हणून पाणबुड्यांनी दोघांना पायात प्लास्टिकच्या पिशव्या घालायला दिल्या होत्या. थोडा वेळ पिशव्यांचा चुरचुर आवाज आला. मग आतोबांच्या पडद्यामागून दबका आवाज आला, "अगं, जरा येतेस का?"

मी आणि पाणबुडे दोघं गेलो. आतोबांनी सूट उलटा घातला होता, चेन पोटावर. ती बेंबीपर्यंत येऊन रुसली होती. सूट काढून सरळ घातला तर चेन पाठीवर अर्ध्यात अडली. पाणबुड्यांनी दोरी ओढली, मी कडा जवळ धरल्या, आतोबांनी पोट आत घेतलं, ते गालांत आलं.

आत्या पडद्यातून डोकावली आणि तिचे डोळे बारीक झाले. "अहो, माप कुठल्या टेपनं घेतलंत?"

"खुंटीवरच्या."

"रंग?"

"पांढरा. का गं?"

आत्या मटकन स्टुलावर बसली. तेवढ्यात दुसऱ्या पडद्यामागून शाळेच्या पटांगणावर चालतो तसला आवाज आला, "हा सूट सदोष आहे!"

"कंबर किती कळवली होती, मॅडम?" पाणबुड्यांनी विचारलं.

"चौतीस! गेली वीस वर्षं चौतीस आहे."

पाणबुड्यांनी आपली टेप पडद्यावरून आत सरकवली. टेपचं टोक पडद्याखाली दोनदा हललं. मग, "तुमची टेपसुद्धा सदोष आहे." पडदा बाजूला झाला. हेडबाई कमरेपर्यंत काळ्या रबरात आणि वर टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या. "ताई, तुम्हीच सांगा यांना. तुमच्याइतकं माझं माप कुणाला ठाऊक आहे?"

पाणबुडे आत्याकडे पाहू लागले. आतोबा पाहू लागले. मी छताकडे पाहू लागले.

आत्यानं घसा साफ केला. "बाई, त्यांची टेपही बरोबर आहे आणि माझीही बरोबर आहे. मी घेते ते जमिनीचं माप. हे पाण्याचं माप. पाण्याचं दोन इंच जास्त धरतात. काय हो, धरतात ना?"

पाणबुड्यांनी तोंड उघडलं. आत्याची टाच त्यांच्या अंगठ्यावर होती. "धरतात," ते म्हणाले.

"मग हे फॉर्मवर लिहायला नको?" हेडबाई कडाडल्या. "अर्धवट सूचना देऊन लोकांकडून बरोबर उत्तरांची अपेक्षा करता?" जहाजांखाली आयुष्य काढलेला तो माणूस दहा मिनिटं मान खाली घालून उभा राहिला आणि शेवटी 'पुन्हा असं होणार नाही' असं म्हणाला. हेडबाईंना छत्तीसचा सूट झक्क बसला. आतोबांनी आपणहून विचारलं, "म्हणजे माझंही दोन इंच पाण्याचं?" आत्या म्हणाली, "तुमचं तीन. तुम्ही खात्यात होतात ना."

फिन्स, म्हणजे पायाला लावायचे लांब पंखे, पटकन मिळाले. होडीवरून उतरायचं आहे, तर बुटासारखे पायात चढणारे घ्या, फक्त टाच घासता कामा नये, एवढंच पाणबुडे म्हणाले. घोडं अडलं ते मास्कपाशी. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा, नाकानं श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर तुमचा. सगळ्यात महागडा मास्क हेडबाईंच्या नाकावरून घसरला, सगळ्यात साधा आत्याच्या तोंडावर घट्ट बसला. आतोबांच्या चेहऱ्यावर मात्र एकही टिकेना. पाणबुड्यांनी सात मास्क लावून पाहिले आणि आठवा परत ठेवून दिला.

"मिशी," ते म्हणाले. "केसांमधून हवा जाते. नाकाखाली पाव इंचाची पट्टी भादरलीत तरी पुरे."

आतोबांची मिशी पहिल्या पगारापासूनची. तिला रोज सकाळी बारका कंगवा लागतो. "मिशीला हात लागणार नाही," ते म्हणाले. आत्यानं कपाळाला हात लावला नाही, वाद घातला नाही. उलट घरी जाताना गाडीत अगदी गोड आवाजात म्हणाली, "नकाच काढू. शोभते तुम्हाला. तुम्ही वर होडीत छान बसा. हेडबाई आहेत ना माझ्या जोडीला. नाहीतरी खाली बोलता येत नाही, तुम्हाला कंटाळाच येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबा न्हाणीघरात गेले ते तासभर बाहेर आले नाहीत. नाकाखालची पट्टी भादरताना डावीकडे जरा जास्त गेली. ती सारखी करायला उजवीकडून घेतली. मग परत डावीकडून. बाहेर आले तेव्हा ओठावर पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक रेघ शिल्लक होती. मी दार उघडून आत आले आणि 'कोण हवंय आपल्याला?' असं त्यांनाच विचारलं.

"दहा वर्षांनी तरुण दिसता," आत्या म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून हसली.

समुद्रावरचा पहिला दिवस. होडी लहान, वर ताडपत्रीचं छप्पर, मध्ये टाक्यांची रांग. सूट घातला की माणूस बुचासारखा तरंगतो, म्हणून कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा बांधतात. किती शिसं लागेल ते अंगाच्या वजनावरून ठरतं. पाणबुडे वही घेऊन एकेकाला वजन विचारत होते आणि एकेक जण समुद्राकडे बघत आकडा सांगत होता. हेडबाईंनी आपला सांगितला. पाणबुड्यांनी पट्टा बांधला, हेडबाई पाण्यात उतरल्या, आणि तिथेच राहिल्या. किती श्वास सोडला, किती हात मारले, डोकं काही खाली जाईना.

पाणबुड्यांनी आत्याकडे वळून अगदी साळसूद चेहऱ्यानं विचारलं, "काय हो काकू, पाण्याचं वजनही वेगळं धरतात का?"

आत्याचा चेहरा पडला. दुकानात गंमत वेगळी होती. इथे खाली अठरा मीटर पाणी होतं. हेडबाई शिडी धरून वर आल्या, बाकावर टेकल्या, तशी आत्या त्यांच्याजवळ सरकली.

"बाई, एक सांगायचंय. रागवा हवं तर. माझ्याकडे दोन टेप आहेत."

"पिवळी आणि पांढरी," हेडबाई केसांतलं पाणी निपटत म्हणाल्या. "पांढरीला टोकाशी दोन इंच कोरं आहे. एक आकडा कुठून सुरू होतो ते मला दिसत नाही असं वाटलं तुम्हाला? मी शिक्षिका आहे, ताई. पट्ट्या तपासण्यात जन्म गेला माझा."

आत्या म्हणाली, "मग दुकानात त्या बिचाऱ्याला..."

"ते मात्र चुकलंच. पण तुम्ही इतकं सुंदर खोटं बोललात, मला मोडवेना." हेडबाईंनी आवाज खाली आणला. "मी तीस वर्षांत कुणाला ग्रेसचा मार्क दिला नाही. मला आयुष्यात एकाच ठिकाणी ग्रेस मिळत होता. तो कशाला सोडू?"

मग त्या उठल्या, पाणबुड्यांना आपलं खरं वजन सांगितलं, आणि दुकानात ओरडल्याबद्दल सगळ्यांदेखत माफी मागितली. पाणबुडे इतके गोंधळले की त्यांनी दोनाऐवजी तीन तुकडे ओवले आणि परत एक काढला. ते पाहून होडीतल्या आणखी चार जणांनी हळूच हात वर करून आपापले आकडे सुधारून घेतले.

खाली काय झालं ते मला आत्यानं सांगितलं. पहिली पाच मिनिटं ती फक्त श्वासाचा आवाज ऐकत होती आणि आपण मेलो नाही याची खात्री करून घेत होती. मग तिच्या लक्षात आलं की गुडघ्यांत काही नाही. उजवा नाही, डावा नाही. दोन्ही पाय तिनं पुढे घेतले, मागे घेतले, मशिन चालवल्यासारखे आळीपाळीनं दाबले, आणि काहीच दुखलं नाही. अंगाला घट्ट बसलेल्या त्या रबरात ती एका दगडापाशी तशीच लटकत राहिली. निळ्या-पिवळ्या माशांची एक झुंड तिच्या काखेखालून गेली. आतोबा समोर आले, दोन्ही हातांनी काहीतरी भलंमोठं सांगू लागले, आणि पाण्याखाली ऐकू येत नाही हे आठवून थांबले. मग त्यांनी नुसतंच बोटांचं वर्तुळ करून 'ठीक' अशी खूण केली. आत्यानंही केली. "छत्तीस वर्षांत आमचं एवढं थोडक्यात कधी झालं नव्हतं," ती म्हणाली.

वर आल्या आल्या आतोबांनी तोंडातून श्वासाची नळी काढली आणि चाळीस मिनिटांचं साठलेलं सगळं एका दमात सुरू केलं. आत्यानं ऐकून घेतलं, दोन लाटा जाऊ दिल्या, आणि नळी परत त्यांच्या तोंडात घातली.

तिसऱ्या दिवशी आतोबांचा कान दडला. पाणबुड्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि सांगितलं, आज पाण्यात नाही. आत्या आणि हेडबाई जोडीनं खाली गेल्या. आतोबा माझ्या शेजारी बसले. मी मनाची तयारी केली, आता चाळीस मिनिटं ऐकायचं. पण ते काही बोलेनात. होडीच्या कडेवर हनुवटी टेकून पाण्यावर फुटणारे बुडबुडे बघत बसले. बुडबुडे इकडून तिकडे सरकले की तेही बाकावर तितकेच सरकायचे.

"त्या बघ," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "ते तिचे."

"एवढ्या सगळ्यांत तुम्हाला कसं कळतं?"

"बाकीच्यांचे बघ, एकदा येतात, थांबतात, परत येतात. आणि हे बघ, बारीक बारीक, भराभर. हसतेय ती."

मला खरं वाटलं नाही. पण आत्या वर आली ती मास्क काढायच्या आधीच हसत होती. खाली एका माशानं हेडबाईंच्या फिन्सचा चावा घेतला होता आणि हेडबाईंनी त्याला जागच्या जागी थांबवून, बोट नाचवत, पाण्याखाली सबंध पाच मिनिटं खडसावलं होतं.

"मासा ऐकत होता?" आतोबांनी विचारलं.

"खाली मान घालून," आत्या म्हणाली, आणि टॉवेलसाठी माझ्याकडे हात पुढे केला.